पगारवाढीने महागाई होते काय?

कामगारांनी पगारवाढ मागितली की एक उत्तर हमखास ऐकू येते : "पगार वाढवले तर माल महाग होईल, आणि तो महाग माल तुम्हालाच घ्यावा लागेल." हे इतक्या वेळा कानावर पडते की आपले कष्टकरी बांधवही ते खरे मानू लागले आहेत. आम्ही जमाखर्च लिहिणारी माणसे. तेव्हा भाषण न करता हे म्हणणे वहीत मांडूनच तपासू या.

समजा, एक विणकर दिवसाला १०० मीटर कापड विणतो आणि त्याची रोजी ५०० रुपये आहे. म्हणजे मीटरमागे मजुरी पडली ५ रुपये. रोजी ५५० झाली आणि कापड तेवढेच निघाले, तर मजुरी साडेपाच रुपये पडेल. इथपर्यंत मालकाचे म्हणणे बरोबर आहे. पण सुधारलेल्या मागामुळे, चांगल्या सुतामुळे तोच विणकर ११० मीटर काढू लागला तर? ५५० भागिले ११०, म्हणजे पुन्हा ५ रुपयेच! रोजी दहा टक्क्यांनी वाढली, तरी मजुरीपायी कापड एका पैशानेही महाग होत नाही. उलट रोजी ५०० वरच ठेवली, तर मीटरमागे सुमारे ४५ पैसे वाचतात. हे पैसे कोणाचे? भाव उतरला तर गिऱ्हाइकाचे, न उतरला तर मालकाचे. ज्याच्या हातांनी कापड वाढले त्याला त्यातले काही मिळत नाही.

आता बेकारीचा हिशेब. खात्यात ११ विणकर होते, ते ११०० मीटर काढत. प्रत्येक जण ११० काढू लागला की तेवढ्या कापडाला १० जण पुरतात. अकरावा फाटकाबाहेर. जास्त कापड खपले तरच तो टिकेल, आणि खपायला लोकांच्या हातात पैसा हवा. मजुरी दाबून ठेवायची आणि माल मात्र खपावा म्हणायचे, हे कसे जमावे? शिवाय फाटकाबाहेरच्या त्या अकराव्या माणसाकडे बोट दाखवून आतल्या दहांची तोंडे बंद करता येतात, ते वेगळेच.

मुंबईच्या गिरण्यांत हे प्रत्यक्ष घडले आहे. पहिल्या महायुद्धात भाव भडकले, मजुरी मागे राहिली. जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. पुढे मंदी आली, जपानी कापडाची स्पर्धा आली. मालकांनी विणकरांना दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवायला सांगितले. सहा साच्यांवर जिथे तीन माणसे होती, तिथे दोन उरणार. आणि काम दीडपट होऊनही मजुरी दीडपट होणार नव्हती. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते.

त्याच काळात आपल्या माणसांना जास्त मजुरीच्या विणखात्यात प्रवेशच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. बाबासाहेबांनी हा प्रश्न तेव्हाच उघडपणे मांडला. ज्याला त्या खात्याचे दारच बंद, त्याला तिथल्या वाढीचा वाटा कुठून मिळणार?

रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी यावर त्यांचा भर होता. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, म्हणून भाववाढीत व्यापाऱ्याला होणारा लाभ मजुराच्या ताटातून जातो, हे त्यांनी त्या वादात दाखवून दिले.

मग महागाई येते कुठून? उत्पादनापेक्षा पगार फार पुढे गेले तर भाव वाढू शकतात, हे नाकारता येणार नाही. पण १९७२ चा दुष्काळ आठवा. लगोलग १९७३-७४ मध्ये खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. धान्य, रॉकेल, सारेच महागले. ती महागाई कोणाच्या पगारवाढीने आली होती?

महागाई भत्त्याबद्दलही गैरसमज आहे. भाव सहा टक्के चढले आणि पगारही सहा टक्के चढला, तर आपले घर होते तिथेच राहिले. ती वाढ नव्हे, झीज भरून काढणे झाले. वाढलेल्या उत्पादनातला वाटा अजून मिळायचाच आहे. ठेकेदाराकडे राबणाऱ्या पुष्कळांची तर झीजही भरून निघत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी आपल्या देशातील नोंदणीकृत कारखान्यांत निर्माण होणाऱ्या निव्वळ मूल्यापैकी सुमारे ३० टक्के कामगारांच्या मजुरीवर जात. २००७-०८ पर्यंत हा वाटा निम्म्याच्याही खाली आला. यंत्रे सुधारली, माल वाढला. पण वाटणी बिघडली.

म्हणून युनियनच्या सभेला जाताना नुसती मागणी घेऊन जाऊ नका, आकडे घेऊन जा. मागच्या करारापासून माणशी उत्पादन किती वाढले, भाव किती चढले आणि खात्यातली किती माणसे कमी झाली, हे मालकाला विचारा. घरातल्या भगिनींनी किराण्याची वही जपून ठेवावी; भाव किती चढले याचा चोख पुरावा त्याच वहीत असतो. आणि ठेक्यावरच्या भावाला सभेबाहेर ठेवू नका. त्याची मजुरी पडली तर उद्या आपलीही टिकणार नाही.