एक घर सरकलेले प्यादे

आपल्याकडे अजूनही काही घरांत बुद्धिबळाचा डाव देशी पद्धतीने मांडतात. पहिल्या चालीला प्यादे एकच घर सरकते. पाश्चात्त्य नियमात ते दोन घरे जाऊ शकते. फरक लहान दिसतो, पण त्यामुळे डावाची सुरुवात, म्हणजे ओपनिंग, पार बदलून जाते.

पंजाबातील मीर सुलतान खान असेच देशी बुद्धिबळ लहानपणी वडिलांकडून शिकले. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराने त्यांचा खेळ पाहून त्यांना पदरी ठेवले आणि १९२९ साली लंडनला नेले. तिथल्या खेळाडूंनी ओपनिंगची पुस्तके वर्षानुवर्षे घोटलेली. सुलतान खान यांच्यापाशी ती शिदोरी नव्हती. तरी त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले! पुढे १९३२ आणि १९३३ सालीही.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांच्यासमोर बसले माजी जगज्जेते कापाब्लांका. सुलतान खान यांची पांढरी मोहरी. कापाब्लांकांनी क्वीन्स इंडियन बचाव घेतला. पाचव्या चालीला सुलतान खान यांनी डाव्या हत्तीपुढचे प्यादे फक्त एक घर सरकवले. काळ्या उंटाने येऊन आपला घोडा जखडू नये, एवढाच हेतू. हीच कल्पना पुढे जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

पुढे कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती पांढऱ्याच्या गोटात घुसले. सुलतान खान डगमगले नाहीत. वजीर दिला आणि बदल्यात ते दोन्ही हत्ती घेतले. मग घाई न करता, एकेक घर जिंकत, ६५ चालींत त्यांनी डाव जिंकला.

परंतु त्यांचे येणे-जाणे मालकाच्या हाती होते. १९३३ अखेर मालक परतले, तसे तेही परतले. आंतरराष्ट्रीय खेळ तिथेच संपला. १९६६ साली ते पाकिस्तानात वारले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला, तो २०२४ साली. मृत्यूनंतर ५८ वर्षांनी!

तेव्हा पालकहो, मुलगा किंवा मुलगी पट मांडून बसली तर 'वेळ घालवतेस' म्हणू नका. दोन्ही नियम शिकवा, वाचनालयातून बुद्धिबळाचे एखादे पुस्तक आणून द्या. बुद्धी सुलतान खान यांच्याकडे होती. पुस्तक आणि स्वतःचा वेळ मात्र त्यांच्या हाती नव्हता. आपल्या मुलांना तेवढे तरी मिळू द्या.