चालक पाहिजेत!

मालवाहतुकीच्या धंद्यात चांगल्या चालकांची वाण आहे, हे आपण अनेकदा ऐकले असेल. तरीही घरातील एखादा तरुण ‘मी ट्रकवर जातो’ असे म्हणाला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. त्या अगदीच अकारण नसतात. रात्रीअपरात्रीचा प्रवास, महिना महिना घराचे दर्शन नाही आणि खेप झाली तरच चार पैसे, असे या व्यवसायाचे चित्र आपण पाहत आलो आहोत. हे चित्र मुख्यतः लहान मालकाकडील नोकरीचे आहे, आणि देशातील बहुसंख्य मालमोटारी अशा चार-पाच गाड्यांच्या मालकांच्याच आहेत. मोठ्या कंपनीच्या पगारपत्रकावर नाव लागले, तर हेच काम पुष्कळ निराळे होऊ शकते. मात्र ते नाव खरोखर लागते काय, हे आधी पाहावयास हवे.

कारण गाडीवर रंगविलेले नाव आणि चालकाचा धनी हे एकच असतील असे नाही. हुबळीची व्ही.आर.एल. ही कंपनी १९७६ मध्ये गदग येथे एका ट्रकवर सुरू झाली आणि पुढे स्वतःच्याच हजारो गाड्या बाळगण्याचा मार्ग तिने पत्करला. इतर अनेक मोठ्या कंपन्या बराचसा माल बाहेरच्या मालकांच्या भाड्याच्या गाड्यांतून पाठवितात. तेथील चालक त्या मालकाचा नोकर असतो. कंपनीशी त्याचा संबंध बिल्टीपुरता! म्हणून ‘नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे?’ हा आपला पहिला प्रश्न असावा.

आता परवान्याकडे वळू. व्यापारी मालमोटार चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि तिचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष हाती असावा लागतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शासनमान्य चालक-प्रशिक्षण केंद्रांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पुरा करतात.

परंतु अडतीस तासांत घाट उतरता येत नाही, हे कंपनीही जाणते. पूर्वी मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे, टायर बदलता बदलता, दोऱ्या आवळता आवळता रस्ता शिके आणि काही वर्षांनी उस्तादच त्याच्या हाती चाक देई. आज बऱ्याच गाड्या एकट्या चालकावर धावतात; ती शाळा जवळजवळ बंद पडली. मग अनुभव आणावा कोठून? एक वाट अशी की, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. भाजीचा वा दुधाचा टेम्पो दोन वर्षे नीट चालविलेला तरुण कोऱ्या परवान्याच्या उमेदवारापेक्षा निश्चित सरस ठरतो.

कंपनीच्या चाचणीत उमेदवाराला आवारात गाडी मागे घेऊन फलाटाला लावावयास सांगतात. नवखा माणूस तेथे घाबरतो. पण खरी पारख इतरत्र होते. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने टायर, दिवे पाहिले काय? ब्रेकच्या हवेचा काटा वर चढेपर्यंत तो थांबला काय? आणि रस्त्यावर उतार लागताच त्याचा हात कोठे गेला?

या शेवटच्या प्रश्नाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात जड गाड्यांना जे अपघात होतात, त्यांतील एक जुने कारण म्हणजे गाडी ‘न्यूट्रल’ करून उतारावर सोडणे. इंजिनाचा आवर सुटला की सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी धरीनासे होतात. चढावर जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जाणते चालक सांगतात. मग हे ठाऊक असूनही लोक न्यूट्रल का करतात? डिझेलसाठी! काही मालक खेपेचे डिझेल ठरवून देतात आणि त्यातून उरेल ते चालकाचे. अशा व्यवस्थेत न्यूट्रल ही चालकाची वरकड कमाई होऊन बसते. गंमत अशी की, आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. म्हणजे जिवावर उदार होऊनही उतारावर बचत होत नाही ती नाहीच. पण सवय लागलेली असते. कंपनीचा परीक्षक ती सवय हेरतो, आणि पुढे गाडीतील जी.पी.एस. यंत्रणाही वेगाचा हिशेब ठेवते.

म्हणूनच चाचणी दुतर्फा असावी, असे मला वाटते. पगार दरमहा की खेपेवर? डिझेल वाचल्यास पैसे मिळतात काय? उशीर झाला तर भत्ता कापतात काय? यांची उत्तरे ऐकली, म्हणजे ती कंपनी चालकाला कशी गाडी हाकावयास लावील, हे घरबसल्या कळते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांबच्या फेरीस फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. तरी चौकशीच्या वेळी हे माप मनाशी धरावयास हरकत नाही. ‘मुंबई ते दिल्ली किती दिवसांत?’ एवढे विचारले तरी पुरे.

दलालाला पैसे देऊ नयेत. अनामत मागणाऱ्याला नमस्कार करावा. ‘मूळ परवाना आमच्याकडे ठेवा’ असे कोणी म्हणाल्यास प्रत द्यावी, मूळ देऊ नये. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधी लागू असतो. तेव्हा खाते-क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि त्यात रक्कम जमा होते की नाही, हे अधूनमधून पासबुकात पाहावे. चालक बहुधा दूर कोठे तरी गाडीवर असेल. हे काम घरच्या मंडळींनी त्याच्याकडून मागून घेतलेले बरे.