मागचा शॉक बदलायचाय? पैसे देण्याआधी चार आकडे लिहून काढा

आजच्या एपिसोडमध्ये आकडे बरेच आहेत, आणि आकडे कानाने लक्षात राहत नाहीत. म्हणून हा एपिसोड नेहमीपेक्षा जरा सविस्तर लिहून काढलाय. मोबाईलवर सेव्ह करून ठेवा आणि सायकलजवळ बसून वाचा.

विषय आहे फुल-सस्पेन्शन माउंटन बाईकचा मागचा शॉक. तो बदलायचा झाला तर कुठला घ्यायचा? सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

मी काय केलं होतं

माझी सायकल सेकंड-हँड. अॅल्युमिनियम फ्रेम, मागे १४० मिमी ट्रॅव्हल. एका पावसाळ्यानंतर शॉकमधली हवा टिकेनाशी झाली. शनिवारी रात्री भरली की रविवारी सकाळी सायकल मागे बसलेली. मी ठरवून टाकलं, शॉक गेला. एकाकडे वापरलेला, चांगल्या ब्रँडचा एअर शॉक मिळाला, साडेअकरा हजारांत. जुन्या शॉकची लांबी २०० मिमी होती, याचीही २०० मिमी. बोल्ट बसले, सायकल उभी राहिली, मी खूश.

दुसऱ्या रविवारी टेकडीवरून उतरताना मुरमाच्या उतारावर गुडघाभर उंचीचा एक ड्रॉप घेतला. शॉक पूर्ण दबला, मागचं टायर सीट ट्यूबवर जाऊन घासलं आणि चाक क्षणभर अडकलं. मी हँडलवरून पुढे. मनगटाला तीन आठवडे प्लास्टर, आणि एका हाताने कोड टाईप करायची सक्तीची प्रॅक्टिस.

सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा दुकानातल्या दादांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, बसवल्यावर हवा काढून चाक वर ढकलून बघितलं होतंस का?"

नव्हतं बघितलं. जुना शॉक होता २००×५१, आणि मी आणलेला २००×५७. लांबी तीच, पण दबतो सहा मिमी जास्त. शॉकजवळचे सहा मिमी चाकाजवळ साधारण सोळा मिमी होतात. टायर आणि फ्रेममध्ये तेवढी जागाच नव्हती.

त्यानंतर दादांनी जुना शॉक उघडला. एअर कॅनची सील झिजली होती, एवढंच. सील किट बदललं आणि तोच शॉक पुढे वर्षभर चालला.

आधी हे ठरवा: शॉक खरंच गेलाय का?

शॉकमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग (हवेची किंवा लोखंडी) तुमचं वजन पेलते. डॅम्पर, म्हणजे आतलं तेल आणि झडपा, त्या स्प्रिंगच्या उड्या आवरतो. बिघाड कुठल्या भागात आहे त्यावर खर्च ठरतो.

- हवा उतरते, बाकी सगळं ठीक: बहुतेक वेळा एअर कॅनची सील. हे स्वस्तातलं काम. रॉकशॉक्सच्या वेळापत्रकात एअर कॅनची सर्व्हिस दर ५० तासांनी आणि डॅम्परसकट पूर्ण सर्व्हिस दर २०० तासांनी सांगितली आहे. आपल्यापैकी किती जण करतात? मी तरी करत नव्हतो.
- सायकल मागून उचलली की टक-टक आवाज, हलकी ढिलाई: शॉकच्या डोळ्यातलं बुशिंग झिजलंय. हेही किरकोळ काम.
- रिबाउंडचा नॉब पूर्ण फिरवूनही फरक नाही, दाबल्यावर पचपच आवाज, शाफ्टवर तेलाचा थर: डॅम्परचं काम आहे. इथे सर्व्हिसचा खर्च आणि नव्या शॉकची किंमत यांची तुलना करा.
- शाफ्टवर खोल ओरखडे: नवी सीलही तिथे टिकणार नाही. बदलायचा विचार इथे रास्त.

एक इशारा. शॉक दबलेल्या अवस्थेतच अडकला असेल आणि वर येत नसेल, तर घरी उघडू नका. आत दाब अडकलेला असू शकतो आणि कॅन सुटून अंगावर येऊ शकतो. तो माहीतगार माणसाकडेच न्या.

आकडा पहिला आणि दुसरा: लांबी आणि स्ट्रोक

शॉकचा साईज दोन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ २००×५१. पहिला आकडा आय-टू-आय, म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, शॉक पूर्ण उघडा असताना. दुसरा स्ट्रोक, म्हणजे शॉक किती मिमी दबतो ते. मी पहिला आकडा वाचला आणि दुसरा सोडून दिला. फंक्शनचं नाव जुळलं म्हणून आर्ग्युमेंट न बघता कॉल केल्यासारखं झालं.

लांबी चुकली तर सायकलची भूमिती बदलते. लांब शॉक मागचा भाग उचलतो, त्यामुळे पेडल जमिनीपासून वर जातात आणि पुढचा फोर्क जास्त उभा होतो. आखूड शॉकने उलटं होतं, पेडल दगडांना लागायला लागतात. आणि इथेही चार-पाच मिमीचा फरक चाकापाशी दुपटीहून जास्त होऊन पोचतो.

जुन्या सायकलींचे साईज इंचांतून आलेत. २००×५१ म्हणजे मूळचा ७.८७५×२ इंच. २०१६ मध्ये रॉकशॉक्सने मेट्रिक साईज आणले, आणि नंतरच्या बहुतेक सायकलींवर २१०×५०, २१०×५५, २३०×६० असे आकडे दिसतात. जुन्या २०० च्या जागी नवा २१० चालत नाही. "दहाच मिमी तर आहेत" असं कोणी म्हणालं तर माझं मनगट आठवा.

ट्रनियन हा आणखी एक प्रकार. यात वरच्या टोकाला डोळा नसतो, दोन बाजूंनी बोल्ट थेट शॉकच्या अंगात जातात. त्यामुळे तेवढ्याच स्ट्रोकसाठी लांबी २५ मिमीने कमी असते. २१०×५५ चा ट्रनियन भाऊ म्हणजे १८५×५५. फ्रेम ट्रनियनची असेल तर ट्रनियनच घ्यावा लागतो.

स्ट्रोक पट्टीने मोजू नका. दिसणारा शाफ्ट बऱ्याचदा स्ट्रोकपेक्षा लांब असतो. शिवाय बऱ्याच मेट्रिक शॉकमध्ये आत स्पेसर घालून स्ट्रोक कमी केलेला असतो, त्यामुळे २१०×५० आणि २१०×५५ बाहेरून सारखेच दिसतात. शॉकवरचा छापील आकडा, त्यावरचा कोड, किंवा फ्रेम कंपनीची माहिती, यावरच विश्वास ठेवा. फॉक्सच्या शॉकवर चार अक्षरी आयडी असतो, त्यावरून तो शॉक नेमका कुठला ते कळतं.

आकडा तिसरा: माउंटिंग

फ्रेमच्या ज्या दोन कानांमध्ये शॉक बसतो, त्यांच्यातली रुंदी आणि बोल्टची जाडी मोजा. उदाहरणार्थ २२×८ म्हणजे रुंदी २२ मिमी, बोल्ट ८ मिमी. वरचं आणि खालचं टोक वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही मोजा. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर मेकॅनिकलवाल्या मित्राकडून आणा, त्यांच्याकडे असतोच. हे बुशिंग-स्पेसरचं हार्डवेअर बऱ्याचदा शॉकबरोबर येत नाही, वेगळं मागवावं लागतं.

शॉकला बाजूला तेलाची जादा टाकी असेल, तर ती फ्रेमला किंवा पाण्याच्या बाटलीला लागते का तेही बघा. काही फ्रेमचे शॉक मुळातच खास बनवलेले असतात. स्पेशलाइज्ड आणि ट्रेकच्या काही जुन्या मॉडेलांत असं आहे. तिथे बाजारातला साधा शॉक सरळ बसत नाही, आधी अॅडॉप्टर मिळतो का ते शोधा.

आकडा चौथा: लिव्हरेज रेशो

सोपा भागाकार आहे. चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक. माझ्या सायकलचं १४० भागिले ५१, म्हणजे साधारण २.७५. शॉक एक मिमी दबला की चाक सरासरी पावणेतीन मिमी वर जातं. उलट बाजूने, चाकावर येणारं बल शॉकपर्यंत पावणेतीन पट होऊन पोचतं. रेशो जितका मोठा, तितकी स्प्रिंग कडक लागते किंवा हवा जास्त लागते.

ही सरासरी झाली. प्रत्यक्षात रेशो ट्रॅव्हलभर बदलतो. सुरुवातीला ३ आणि शेवटी २.५ असेल, तर शेवटाकडे चाक दाबणं कठीण होत जातं. याला प्रोग्रेसिव्ह फ्रेम म्हणतात. फारसा बदलत नसेल तर लिनिअर. तुमची फ्रेम कुठली, ते तिच्या आलेखावरून कळतं.

एअर की कॉइल?

इथे बारावीचा बॉईलचा नियम उपयोगी पडतो. हवा अर्ध्या जागेत कोंबली की दाब दुप्पट. म्हणून एअर शॉक शेवटाकडे आपोआप कडक होत जातो. आत प्लॅस्टिकचे व्हॉल्यूम स्पेसर घातले की तो आणखी लवकर कडक होतो. कॉइल मात्र पहिल्या मिमीपासून शेवटच्या मिमीपर्यंत एकाच दराने कडक होते.

म्हणून लिनिअर फ्रेमवर कॉइल लावली तर ड्रॉपवर शॉक वारंवार तळाला आपटतो. प्रोग्रेसिव्ह फ्रेमवर तीच कॉइल मजा आणते, बारीक खडीवर चाक जमिनीला चिकटून राहतं. पण वजन वाढतं, आणि तुमचं वजन बदललं की स्प्रिंग बदलावी लागते.

कॉइलचा अंदाज कसा काढायचा? माझं वजन बॅग-हेल्मेटसकट ७५ किलो, म्हणजे १६५ पाउंड. त्यातलं साधारण ६२ टक्के मागे धरलं तर १०२. गुणिले २.७५, झाले २८०. स्ट्रोकचा ३० टक्के सॅग १५ मिमी, म्हणजे ०.६ इंच. २८० भागिले ०.६, उत्तर ४६७. म्हणजे ४५० किंवा ४७५ ची स्प्रिंग. हा फक्त सुरुवातीचा अंदाज, पण ३०० की ६०० या गोंधळातून बाहेर काढतो.

मी एअरच घेतला. घाट चढायचा असतो, कधी पाठीवर कॅमेरा असतो, कधी नसतो. पंपाने दाब बदलता येतो, हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं.

ट्यून: साईज जुळूनही चुकणारी गोष्ट

एकाच मॉडेलचा, एकाच साईजचा शॉक आतून वेगळा असू शकतो. कंपनी फ्रेमच्या लिव्हरेजप्रमाणे झडपा हलक्या, मध्यम किंवा कडक लावते. दुसऱ्या सायकलवरून काढलेला शॉक हा त्या फ्रेमसाठी लावलेला असतो. हलकी ट्यून मोठ्या रेशोच्या फ्रेमवर आली की रिबाउंड पूर्ण बंद करूनही सायकल घोड्यासारखी उधळते. सेकंड-हँड घेताना विचारा, "कुठल्या सायकलवरून काढलाय?" उत्तर टाळलं तर मीही टाळतो.

बसवल्यावर, पहिल्या राईडआधी

१. हवा पूर्ण काढा (कॉइल असेल तर स्प्रिंग उतरवा) आणि मागचं चाक हळूहळू शेवटपर्यंत वर ढकला. टायर, रॉकर, टाकी, केबल, काहीही कशालाही लागता कामा नये. सीट खाली करून तीही तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

२. बोल्ट फ्रेम कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

३. हवा भरा, शॉक दहा-बारा वेळा हलका दाबा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांचा दाब जुळतो, मग पुन्हा दाब बघा. पंप काढताना येणारी 'फुस्स' बहुतेक पंपाच्या नळीतली असते, घाबरू नका.

४. पूर्ण सामानासह सायकलवर बसा, ओ-रिंग सीलला टेकवा, उड्या न मारता हळूच उतरा. ओ-रिंग किती सरकली ते मोजा. ५१ च्या स्ट्रोकवर १३ ते १५ मिमी, म्हणजे २५ ते ३० टक्के, ठीक आहे.

५. सीटवर बसून फूटपाथच्या कडेवरून उतरा. सायकल एकदा उसळून स्थिर झाली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड सावकाश करा.

जुन्या शॉकचा डॅम्पर शेवटी गेला तेव्हा मी नवा घेतला. २००×५१, मध्यम ट्यून, फारसा नावाजलेला मॉडेल नाही. तो २००×५७ वाला अजून कपाटात आहे. दोघांनी विकत मागितला. दोघांनाही आधी त्यांच्या फ्रेमचा स्ट्रोक विचारला. दोघांचाही ५१ होता, म्हणून दोघांनाही नाही म्हणालो.

तर मंडळी, लांबी, स्ट्रोक, माउंटिंग, लिव्हरेज. हे चार आकडे फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा, मगच किमती बघा. पुढच्या एपिसोडमध्ये पुढचा फोर्क घेऊ. तोपर्यंत सांभाळून चालवा, आणि हवा काढून चाक वर ढकलायला विसरू नका.