दगडातून निघालेलं स्फुरद पुन्हा दगडात

मार्च २०२१च्या अखेरीस अमेरिकेतल्या फ्लोरिडात, पायनी पॉइंट इथं जिप्समच्या डोंगरावरचं तळं गळू लागलं. बांध फुटेल या भीतीनं तीनशेहून अधिक घरं रिकामी केली गेली आणि सुमारे ८१ कोटी लिटर पाणी टॅम्पा उपसागराकडे सोडावं लागलं. हा डोंगर ज्याचा, तो खतकारखाना तेव्हा बंद पडून वीसेक वर्षं झाली होती.

बंद कारखान्याचं पाणी वाढतं कसं? रॉक फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की फॉस्फरिक आम्ल मिळतं. आपल्या शेतात पडणाऱ्या डीएपीतलं स्फुरद याच वाटेनं येतं. पण आम्लातल्या एक टन स्फुरदामागे (P₂O₅ धरून) सुमारे पाच टन जिप्सम उरतं. त्याचे डोंगर रचतात आणि माथ्यावरच्या तळ्यातलं आंबट पाणी कारखान्यात पुन्हापुन्हा फिरवतात. कारखाना चालू असतो तोवर उष्णतेनं बरंच पाणी वाफ होऊन जातं. तो थांबला की वाफ घटते. पाऊस मात्र पडतच राहतो.

या पाण्यात फ्लोराइड, अमोनिया आणि फॉस्फेट असतं. गोड्या पाण्यात फॉस्फेट काय करतं, हे कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एका तळ्यात पडदा टाकून दाखवलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद फक्त एकात. तोच भाग शेवाळानं हिरवागार झाला.

उपाय जुना आहे: चुना, आणि तोही दोन टप्प्यांत. सामू साधारण चार-पाचवर आणला की बरंचसं फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. तो साका काढून पुन्हा चुना घालायचा, सामू दहाच्या आसपास न्यायचा. आता फॉस्फेट कॅल्शियमला धरून साकळतं. या रसायनातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की त्यातून तयार होणारे क्षार खाणीतल्या मूळ खनिजाचेच, म्हणजे अॅपेटाइटचे, जवळचे नातेवाईक असतात. आम्लानं मोडलेला दगड चुना पुन्हा जुळवतो.

पण हा साका ओला, चिकट आणि अशुद्ध असतो. खत म्हणून तो सहसा जात नाही, डोंगराशेजारीच साठतो. मॅग्नेशियमची वाट मला म्हणूनच जास्त महत्त्वाची वाटते. फ्लोराइड आणि कॅल्शियम आधी काढून, सामू आठ-नऊच्या दरम्यान ठेवून मॅग्नेशियम घातलं, की फॉस्फेट आणि अमोनिया मिळून स्ट्रुव्हाइटचे खडे होतात. ते सावकाश विरघळणारं खतच आहे. शहरी सांडपाण्यातून असं खत काढणारे प्रकल्प कॅनडात चालले आहेत. खतकारखान्याच्या पाण्यात तर स्फुरद त्याहून कितीतरी दाट असतं, आणि ते विकणारं दुकानही दारातच असतं. ही सोय कारखाना चालू असतानाच उभारायला हवी, कारण पुढे पैसा देणारा कोणी उरेलच असं नाही.

पायनी पॉइंटच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं २००१ मध्ये दिवाळखोरी पत्करली होती. तिथलं उरलेलं पाणी खोल विहिरीतून जमिनीखाली सोडायला २०२३ मध्ये सुरुवात झाली, ती सरकारी पैशानं.