पटले ते आचरावे

जगबुडीला पूर आला म्हणजे काठावर हळहळणारे पुष्कळ. दोर टाकणारा एखादाच. धर्मविचाराचेही तसेच आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. ही करुणा कोठून आली, असे विचारता येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना ऐकावयास मिळाली. ती पटली, पण पटणे म्हणजे आचरणे नव्हे. स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावी त्यांना आसरा, शिक्षण आणि हाताला काम दिले. कथा तेथे खरी ठरली. श्रोतेहो, आपणांस पटलेल्या विचाराचा दोर आजवर कोणाच्या हाती पडला?