छायाचित्रणाचे तंत्र, लेखांक ११ : भर उन्हात फिल फ्लॅश आणि मोठे छिद्र

फिल फ्लॅश म्हणजे उन्हाने पाडलेल्या सावल्यांत भरलेला प्रकाश. मुख्य प्रकाश सूर्याचाच राहतो. फ्लॅश फक्त सावल्यांचा काळेपणा कमी करतो. जबलपूरसारख्या गावात त्याची गरज विशेष भासते. हे शहर सुमारे २३.२ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताला जवळजवळ खेटून वसले आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंशांवर असतो, तर डिसेंबरअखेरीस तो ४३ अंशांच्या फारसा वर जात नाही. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. जबलपूरजवळच्या भेडाघाटला अडचण दुहेरी होते. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवले तर मागचे संगमरवरी कडे पांढरेफटक होऊन त्यांच्या रेषा पुसल्या जातात. कड्यांसाठी कमी केले तर चेहरा काळवंडतो.

त्यात छिद्र मोठे हवे असते. धुवाँधार धबधब्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे कठडा असतो, गर्दी असते. हे सारे धूसर करायचे तर एफ/२.८ किंवा त्याहून मोठे छिद्र लागते, आणि गणित इथेच अडते. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० व एफ/१६ असताना शटर साधारण १/१०० सेकंद लागते. एफ/२.८ म्हणजे पाच स्टॉप जास्त प्रकाश, म्हणून शटर १/३२०० वर न्यावे लागते. पण बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅश सिंकची मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते.

ही मर्यादा शटरच्या रचनेतून येते. सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन तो झाकतो. सिंकच्या वेगापर्यंत एक क्षण असा येतो की संपूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी चमकतो. वेग त्यापुढे गेला की पहिला पडदा टोकाला पोचण्याआधीच दुसरा निघतो. सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅशची एकच चमक त्या फटीपुरती उमटते, बाकीची चौकट फ्लॅशविना राहते.

यावर एक उपाय हाय-स्पीड सिंक. यात फ्लॅश एकदा न चमकता फट सरकत असेपर्यंत अतिवेगाने लुकलुकत राहतो. ही सोय ऑलिम्पसने १९८०च्या दशकात एफ२८० या फ्लॅशमध्ये आणली. आज ती बहुतेक चांगल्या फ्लॅशमध्ये असते. मात्र यातली पुष्कळ शक्ती पडद्यांवरच वाया जाते, आणि शटर जितके वेगवान तितका फ्लॅशचा पल्ला घटतो.

दुसरा उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच. चार स्टॉपचा फिल्टर लावला की १/२०० सेकंद आणि एफ/२.८ एकत्र वापरता येतात. फिल्टरमुळे फ्लॅशची ताकद वाढते असा समज आढळतो, पण तो चुकीचा आहे. फिल्टर उन्हाला आणि फ्लॅशला सारखेच अडवतो. चार स्टॉप अडल्यामुळे फ्लॅशच्या दृष्टीने छिद्र एफ/११ चेच राहते. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ४० (मीटरमध्ये, आयएसओ १००) असलेला फ्लॅश पूर्ण शक्तीवर ४० ÷ ११, म्हणजे सुमारे ३.६ मीटरवर उन्हाची बरोबरी करतो. हाय-स्पीड सिंकमध्ये १/३२०० ला हेच अंतर बहुधा दोन मीटरच्या आसपास येते. म्हणून माणूस लांब असेल तर फिल्टर बरा, जवळ असेल तर हाय-स्पीड सिंक सोपे. त्यात गडद फिल्टरमधून फोकस साधताना होणारा त्रासही टळतो. लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांना सिंकची ही अडचण फारशी जाणवत नाही. १९५७ च्या हॅसलब्लाड ५००सी मध्ये १/५०० पर्यंत सिंक मिळे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्रीचा सेन्सर तर एकाच क्षणी संपूर्ण वाचला जातो, त्यामुळे तिथे फटीचा प्रश्नच उरत नाही.

प्रत्यक्षात फ्लॅशने उन्हाशी बरोबरी करूच नये. चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. एक ते दोन स्टॉप कमी ठेवला की सावली उरते, पण तिच्या आतले डोळे दिसतात. शिवाय दोन स्टॉप कमी ठेवल्यास पल्लाही दुप्पट, सुमारे सात मीटर होतो. क्रम असा ठेवावा : आधी फ्लॅश बंद ठेवून कड्यांसाठी एक्स्पोजर ठरवावे, मग फ्लॅश हळूहळू वाढवावा. भेडाघाटच्या नावेत उन्हातल्या पांढऱ्या कड्याजवळ बसलेल्या माणसावर कड्याचाच परावर्तित प्रकाश पडतो. तिथे फ्लॅश आणखी कमी पुरतो, कधी लागतही नाही. धुवाँधारच्या तुषारांत कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्ससमोरचे थेंब उजळून चित्रभर पांढरे ठिपके पाडतो, म्हणून तो कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला धरावा. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाशी जुळतो. जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी ऊन पिवळे पडू लागले की मात्र त्यावर फिकट नारिंगी जेल लावावी लागते.