सार्वजनिक चावडीचे खाजगी खरेदीखत

किंमत आणि मूल्य यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्गात शिकविला जातो आणि परीक्षा आटोपताच बहुतेकांच्या विस्मरणात जातो. व्यवहारातही त्याचा विसर किती सहज पडतो, याचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ट्विटर या कंपनीची २०२२ साली झालेली विक्री होय. जगातील सर्वांत धनाढ्य गृहस्थ म्हणून गणले जाणारे इलॉन मस्क यांनी त्या वर्षी १४ एप्रिल रोजी ही संपूर्ण कंपनी रोख रक्कम देऊन, प्रत्येक भागास ५४ डॉलर २० सेंट या दराने, विकत घेण्याची तयारी जाहीर केली. एकूण रक्कम होती सुमारे ४४ अब्ज डॉलर.

या घोषणेनंतर जगभर चर्चा झाली ती विचारस्वातंत्र्याची. खुद्द मस्क यांनीच या माध्यमाला गावच्या चौकाची उपमा दिली होती. आपल्याकडे जिला चावडी म्हणतात, तशीच ही जागा. येथे राष्ट्राध्यक्ष बोलतात, पत्रकार बोलतात आणि ज्याला अन्यत्र कोणी विचारत नाही असा सामान्य माणूसही बोलतो. ही चावडी आता मोकळी होणार, असे मस्क यांच्या चाहत्यांना वाटले. ती एका माणसाच्या मुठीत जाणार, असे टीकाकारांना वाटले. परंतु ज्या दप्तरात हा सौदा ठरला, तेथे या दोन्ही पक्षांना प्रवेश नव्हता. तेथे प्रश्न एकच होता : दर पुरेसा आहे की नाही?

घटनाक्रम

हा प्रश्न एवढा आकुंचित कसा झाला, हे समजण्यासाठी घटनाक्रम ध्यानात घेतला पाहिजे. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून मस्क यांनी ट्विटरचे भाग बाजारातून घेण्यास आरंभ केला. एखाद्याच्या हाती कंपनीचे पाच टक्क्यांहून अधिक भाग आले, की ते दहा दिवसांच्या आत जाहीर करावे, असा त्या वेळी अमेरिकेत नियम होता. मस्क यांची घोषणा झाली ती ४ एप्रिल रोजी. तोवर त्यांच्याजवळ नऊ टक्क्यांहून अधिक भाग जमले होते. घोषणेच्या दिवशीच भागाचा भाव सुमारे २७ टक्क्यांनी चढला. मधल्या काळात ज्यांनी आपले भाग विकले, त्यांनी ते अज्ञानापोटी स्वस्तात विकले, हे उघड आहे. या विलंबामुळे मस्क यांचे किमान १५ कोटी डॉलर वाचले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यावर दावा दाखल केला.

संचालक मंडळाने मस्क यांना प्रथम मंडळावर येण्याचे आमंत्रण दिले. ते आधी स्वीकारले गेले, मग नाकारले गेले, आणि काही दिवसांतच संपूर्ण खरेदीचा प्रस्ताव पुढे आला. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिल रोजी, संचालकांनी कंपनी जगतात ‘विषाची गोळी’ या नावाने ओळखला जाणारा उपाय योजला. मार्टिन लिप्टन या वकिलाने १९८२ च्या सुमारास शोधून काढलेली ही युक्ती आहे. बाहेरच्या कोणी मंडळाच्या संमतीविना ठराविक मर्यादेपलीकडे (येथे ती १५ टक्के होती) भाग घेतले, तर अन्य भागधारकांना स्वस्त दरात नवे भाग मिळतात आणि आक्रमकाचा हिस्सा पातळ होऊन जातो. लढाईची तयारी झाली असे अनेकांना वाटले. तथापि २१ एप्रिल रोजी मस्क यांनी साडेसेहेचाळीस अब्ज डॉलरच्या उभारणीची कागदपत्रे सादर केली आणि २५ एप्रिल रोजी संचालकांनी विक्रीस मान्यता दिली. तटबंदी दहा दिवसांत उतरली.

संचालकांचे कर्तव्य

संचालकांनी कच खाल्ली, असा आरोप तेव्हा झाला. तो अन्यायाचा आहे. अमेरिकेतील बहुसंख्य मोठ्या कंपन्यांप्रमाणे ट्विटरची नोंदणीही डेलावेअर या चिमुकल्या राज्यात झालेली होती. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली असे तत्त्व घालून दिले, की कंपनी एकदा विक्रीस निघाली म्हणजे भागधारकांना जास्तीत जास्त किंमत मिळवून देणे हेच संचालकांचे कर्तव्य ठरते. मस्क यांचा दर, त्यांनी आपला हिस्सा जाहीर करण्यापूर्वीच्या भावाहून ३८ टक्क्यांनी अधिक होता. ट्विटर २०१३ साली भागबाजारात आली. त्यानंतर २०१८ आणि २०१९ ही दोनच वर्षे तिने नफा दाखविला होता. अशा कंपनीसाठी दुसरा कोणी गिऱ्हाईक पुढे येत नसताना हा दर नाकारणे संचालकांना कायद्यानेच अवघड होते.

म्हणजे दोष व्यक्तींचा नसून रचनेचा आहे. कंपनी कायद्याच्या नजरेला भागधारक दिसतो. ज्याच्या बोलण्याने ही चावडी भरते तो वापरकर्ता त्या नजरेला दिसत नाही, आणि ती झाडून-लोटून ठेवणारा कर्मचारीही दिसत नाही. त्या वेळी ट्विटरचा रोज वापर करणारे सुमारे २३ कोटी लोक होते. त्यांपैकी ज्यांच्याजवळ एकही भाग नव्हता, त्यांना या विक्रीत मत नव्हते.

माघार आणि न्यायालय

यानंतरची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. २०२२ च्या वसंतात अमेरिकेत महागाईला आवर घालण्यासाठी व्याजाचे दर भराभर वाढविण्यात येऊ लागले आणि तंत्रज्ञान क्षेत्रातील भागांचे भाव घसरले. मस्क यांच्या संपत्तीचा मुख्य आधार असलेल्या टेस्ला कंपनीचा भागही त्यातून सुटला नाही. १३ मे रोजी मस्क यांनी सौदा तूर्त स्थगित असल्याचे जाहीर केले. ट्विटरवरील खोट्या खात्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे, या कंपनीच्या अंदाजावर त्यांनी संशय घेतला. वस्तुतः कंपनीची आतून तपासणी करण्याची अट न घालताच त्यांनी करारावर सही केली होती. घोडा घेऊन झाल्यावर दात मोजण्यासारखाच हा प्रकार. ८ जुलै रोजी त्यांनी करार संपुष्टात आल्याचे कळविले. काही दिवसांतच भागाचा भाव ३३ डॉलरच्या खाली आला.

आता दृश्य पालटले. ज्या खरेदीदाराला रोखण्यासाठी एप्रिलमध्ये विषाची गोळी तयार झाली होती, त्यालाच खरेदी करण्यास भाग पाडावे म्हणून ट्विटरने १२ जुलै रोजी डेलावेअरच्या समन्याय न्यायालयात दावा लावला. एक अब्ज डॉलरची नुकसानभरपाई देऊन मस्क सुटतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु खरेदीदाराला वचन प्रत्यक्ष पाळावयास लावण्याचे कलम करारात होते. न्यायमूर्ती कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी १७ ऑक्टोबरपासून सुनावणी ठेवली. ती तारीख जवळ येताच, ४ ऑक्टोबर रोजी, मस्क यांनी मूळ दरानेच खरेदी पूर्ण करण्याची तयारी दर्शविली. २७ ऑक्टोबर रोजी व्यवहार पुरा झाला.

सर्वांत श्रीमंत माणसालाही स्वतःच्या सहीपुढे मान तुकवावी लागली, ही गोष्ट कायद्याच्या राज्याला भूषणावह आहे. पण न्यायालयासमोरचा वाद कराराचा होता. ही चावडी या माणसाच्या हाती जावी की नाही, हा प्रश्न तेथे उपस्थित होऊ शकत नव्हता आणि झालाही नाही. आधी ज्याला नको म्हटले आणि पुढे ज्याने स्वतःच नको म्हटले, त्याच्याच पदरात ही संस्था पडली. कारण दर चांगला होता.

पैसे कोणी भरले?

या दराचा भार कोणी उचलला, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकी माणूस आपल्या खिशातून ४४ अब्ज काढून देतो, असे चित्र सामान्यतः मनात येते. प्रत्यक्षात मस्क यांनी टेस्लाचे भाग विकून मोठी रक्कम उभी केली, लॅरी एलिसन यांच्यासारख्या अन्य धनिकांनी काही रक्कम घातली, आणि सुमारे १३ अब्ज डॉलर मॉर्गन स्टॅन्ली आदी बँकांनी कर्जाऊ दिले. हे कर्ज मस्क यांच्या नावावर नव्हते. ते ट्विटरच्या नावावर चढले. एखाद्याने वाडा विकत घ्यावा, त्यासाठी त्याच वाड्याच्या तारणावर कर्ज काढावे आणि हप्ते भाडेकऱ्यांच्या भाड्यातून फेडावेत, तसा हा मामला आहे. अशा खरेदीत बेकायदेशीर काही नाही. अमेरिकेत ती अनेक दशके चालत आलेली आहे.

२०२१ साली ट्विटरचे एकूण उत्पन्न ५.०८ अब्ज डॉलर होते आणि वर्षाअखेर तोटा सुमारे २२ कोटी डॉलर. अशा ताळेबंदावर वर्षाला एक अब्जाहून अधिक व्याजाचा बोजा येऊन पडला. पुढे जे घडले ते या आकड्यांतच लिहिलेले होते. मुंबईच्या आय. आय. टी.मधून पदवी घेतलेले मुख्याधिकारी पराग अग्रवाल यांना पहिल्याच दिवशी निरोप मिळाला. ४ नोव्हेंबर रोजी सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना कामावरून काढण्यात आले. एप्रिल २०२३ पर्यंत ही संख्या दीड हजारांवर आल्याचे मस्क यांनीच सांगितले. दिल्ली व मुंबई येथील कार्यालयेही त्याच वर्षी बंद झाली.

पूर्वी खात्याची सत्यता पडताळून दिली जाणारी निळी खूण आता मासिक वर्गणीवर मिळू लागली. भारतात तिचा दर २०२३ साली महिना ६५० रुपयांपासून ठेवण्यात आला. जी खूण विश्वासाची होती ती पावतीची झाली. दुसरीकडे जाहिरातदार दूर सरले. जुलै २०२३ मध्ये जाहिरातींचे उत्पन्न निम्म्याने घटल्याची कबुली मस्क यांनी दिली. त्याच महिन्यात ट्विटर हे नावही गेले आणि ‘एक्स’ हे अक्षर आले. मार्च २०२५ मध्ये मस्क यांच्याच एक्सएआय या कंपनीने ती विकत घेतली. त्या वेळी तिचे मूल्य, कर्ज वजा जाता, ३३ अब्ज डॉलर धरण्यात आले. घेणारा तोच आणि देणाराही तोच असल्याने या आकड्याला बाजारभाव म्हणणे कठीण आहे.

मग उपाय कोणता?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. विक्रीपूर्वी तरी ट्विटर जनतेच्या मालकीचे कोठे होते? तेव्हाही मोठ्या गुंतवणूक संस्थाच मालक होत्या आणि कोणाचे खाते बंद करावयाचे हे मूठभर अधिकारी ठरवीत होते. हे सर्व खरे आहे. मालकी सरकारकडे द्यावी, तर त्यातही सुरक्षितता नाही. केंद्र सरकारच्या खाती व मजकूर बंद करण्याच्या आदेशांविरुद्ध ट्विटरने जुलै २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला होता. ३० जून २०२३ रोजी तो फेटाळला गेला आणि कंपनीला ५० लाख रुपये दंड झाला. निकालाच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद असू शकतील; परंतु सरकार हा या चावडीतील तटस्थ पहारेकरी नव्हे, तो तेथील एक बलाढ्य पक्षकार आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

तेव्हा मालक बदलला तरी न बदलणारे नियम असणे, हाच मार्ग उरतो. युरोपीय संघाने २०२२ साली केलेला डिजिटल सेवांविषयीचा कायदा या दिशेने टाकलेले पाऊल आहे. मोठ्या माध्यमांनी आपल्या जाहिरातींची माहिती खुली ठेवावी, अभ्यासकांना आकडेवारी द्यावी, वापरकर्त्याची फसगत होईल अशी मांडणी करू नये, असे तो सांगतो. याच कायद्याखाली डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला १२ कोटी युरोंचा दंड ठोठावण्यात आला आणि त्याच्या कारणांत त्या विकत मिळणाऱ्या निळ्या खुणेचाही समावेश होता. जो प्रश्न विक्रीच्या दप्तरात कोणी विचारला नाही, तो निदान अंशतः तरी येथे विचारला गेला. खरेदीचे कर्ज खरेदी झालेल्या संस्थेच्याच माथी मारण्यास कोठवर मुभा असावी, हा प्रश्न मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

राजा गुणी असला म्हणजे प्रजा सुखी, या समजुतीतून राजकारणात माणूस फार मोठी किंमत देऊन बाहेर पडला. कोट्यवधी लोक जेथे रोज बोलतात, त्या जागेच्या बाबतीत तो अजून तिच्यातच अडकलेला आहे. मस्क चांगले की वाईट, यावर वाद घालण्यात २०२२ साल खर्ची पडले. ते कसेही असोत, चावडीवर बसणाऱ्याचे हक्क त्यांच्या स्वभावावर अवलंबून असता कामा नयेत, ही मागणी तेव्हाच व्हावयास हवी होती. पुढचे खरेदीखत लिहिले जाण्यापूर्वी तरी ती व्हावी.